भिशीची वही

लालबागची आमची चाळ पाडायला काढली, तेव्हा खोली रिकामी करताना आईच्या ट्रंकेच्या तळाशी एक वही सापडली. पहिल्या पानावर ‘श्री’, त्याखाली ‘भिशी, जानेवारी १९८१’ आणि त्याखाली वीस नावं. नावं तरी कसली? ‘समोरच्या’, ‘नळाजवळच्या’, ‘वरच्या माळ्यावरच्या’, ‘दादाची बायको’. वीस जणी, दरमहा पन्नास रुपये, म्हणजे हजाराची भिशी. पुढे महिन्याला एक पान, हप्ता आला की नावापुढे बरोबरची खूण, आणि तळाला जिला भिशी लागली तिची सही किंवा अंगठा. शेवटच्या लिहिलेल्या पानावर मात्र एकच आकडा आहे: ६३०. त्याभोवती गोल. खूण नाही, सही नाही.

त्या गोलाचा अर्थ मला लागला नाही. वही रद्दीत टाकली नाही, एवढंच.

तीस-पस्तीस वर्षं मी पैशांच्या संस्थांच्या आसपास काढली. आधी फोर्टातल्या एका दलालाच्या पेढीवर, मग एका बँकेच्या मागच्या खोलीत, जिथे लोकांच्या समभागांचे हिशेब ठेवतात. ‘संस्था बळकट हव्यात’, ‘संस्थांवरचा विश्वास उडाला’ ही वाक्यं या काळात हजारदा ऐकली आणि चहाच्या टपरीवर दोन-चारदा स्वतःही फेकली. संस्था म्हणजे काय रे भाऊ, असं कुणी थांबवून विचारलं असतं तर मी रिझर्व्ह बँकेच्या उंच इमारतीकडे बोट दाखवून मोकळा झालो असतो. वही सापडल्यापासून ते बोट जरा अडखळतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर. वडील साचेखात्यात होते. तो संप रीतसर कुणी मागे घेतलाच नाही, त्यामुळे कागदोपत्री तो अजून चालू आहे असं वडील शेवटपर्यंत म्हणायचे, आणि हसायचे नाहीत. जानेवारीची भिशी पगाराबरोबर दहा तारखेला निघून गेली होती. ती तेरावी. फेब्रुवारीत हप्ते आले चार, ते आईने ज्याचे त्याला परत केले. मार्चमध्ये कुणी विषयच काढला नाही.

आता हिशेब बघा. तेरा जणींनी हजार उचलले होते आणि भरले होते साडेसहाशे, म्हणजे प्रत्येकीकडे साडेतीनशे येणं. उरलेल्या सात जणींनीही साडेसहाशेच भरले होते, पण त्यांच्या हातात भोपळा. तेरा गुणिले साडेतीनशे, चार हजार पाचशे पन्नास. सात गुणिले साडेसहाशे, तेवढेच. कागदावर अगदी चोख जमतं. पण ज्या तेरा घरांतून ते यायचे, त्यांतल्या बहुतेक घरांत संध्याकाळी चूल पेटेल की नाही याची खात्री नव्हती.

आईने एका दुपारी सगळ्यांना गॅलरीत बोलावलं. मी बारा वर्षांचा, जिन्यात बसून ऐकत होतो. ठरलं ते असं: नवी भिशी बंद. उचललेल्या तेरा जणींनी महिन्याला दहा रुपये द्यायचे, होतील तसे. महिन्याला एकशेतीस जमतील, पाच महिन्यांत साडेसहाशे. ते झाले की राहिलेल्या सातांत चिठ्ठी काढायची आणि जिची निघेल तिला तिचे पैसे परत. पस्तीस महिन्यांत सगळे मोकळे. पहिली भिशी चालवणारीची, या रिवाजाप्रमाणे पहिले हजार आईनेच उचलले होते. त्यातून शिलाई मशीन आलं होतं. म्हणून एप्रिलमधले पहिले दहा रुपये तिचे, त्याच मशीनवर काज-बटणं करून मिळवलेले.

पस्तीस महिने कागदावर. प्रत्यक्षात पंचेचाळीसएक झाले असावेत, कारण शेवटचं पान दिवाळी १९८५ चं आहे.

‘दादाची बायको’ म्हणजे माझी मामी. ती त्या सातांतली. पावसाळा लागता लागता मामा आला. तोही गिरणीतलाच. म्हणाला, आमचे पहिले दे, गावी जायला लागतंय. आई म्हणाली, चिठ्ठी निघेल तेव्हा. मामा म्हणाला, चिठ्ठी तूच काढतेस ना? यावर आई काही बोलली नाही, चहा टाकला. त्या वर्षी मामा भाऊबीजेला आला नाही. मामीची चिठ्ठी सहावी निघाली.

मला तेव्हा आईचा राग आला होता. आपल्या माणसाला आधी द्यायला काय जातं? हा प्रश्न मला बारा वर्षांचा असताना पडला, आणि महाराष्ट्रात मोठमोठ्या माणसांना तो साठी उलटली तरी पडत असतो.

१९९० मध्ये बी.कॉम. होऊन मी पेढीवर लागलो. डिलिव्हरी कारकून. शेअर बाजाराचं तेव्हाचं रिंगण ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल की तिथला व्यवहार किती आईच्या भिशीसारखा होता. हातवारे, आरडाओरड, आणि तोंडी सौदा. लाखाचा सौदा झाला की जॉबर, म्हणजे रिंगणात सौदे करणारा माणूस, खिशातल्या चोपडीत दोन शब्द खरडायचा. संध्याकाळी समोरच्याने सौदा नाकारला असं क्वचितच व्हायचं, कारण नाकारणाऱ्याशी उद्या रिंगणात कोण बोलणार? सगळे एकमेकांना चेहऱ्याने, आडनावाने, बऱ्याचदा सोयरिकीने ओळखणारे. ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ १८७५ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचं स्वरूप असंच असणार. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांनी आपापसात नियम घालून घेतले. घाव ताजा होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशावर समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर गाव वेडं झालं, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. सरकारचा हिस्सा असलेली बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यात गेली.

त्याच १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यात सुप्याला, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून त्यांची होळी केली. शाळेत आपण ते ‘दख्खनचे दंगे’ म्हणून पाठ करतो, आणि शेअर बाजाराचा इतिहास वाचतो तो वेगळ्या पुस्तकात. पण धागा एकच, कापसाचा. भाव चढले तेव्हा सावकाराने सैल हाताने कर्ज दिलं, उतरले तेव्हा आवळलं. एकाच पडझडीनंतर एका गावाने कागद जाळले आणि एका गावाने कागद कसे पाळायचे याची मंडळी स्थापली. फरक असा की वडाखालच्यांना नियम स्वतः करता येत होते. सुप्याच्या कुणब्याला रोख्यावर काय लिहिलंय हेही वाचता येत नव्हतं. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, आणि न्यायाधीशाला रोख्याच्या आत डोकावून मूळ मुद्दल किती ते पाहता येऊ लागलं. माझ्या मते आपल्याकडच्या वित्त-नियमनाची गोष्ट सांगायची तर ती वडापासून नव्हे, सुप्यापासून सुरू करायला हवी. पण वडाचं चित्र चांगलं दिसतं.

ओळखीच्या चेहऱ्यांचा विश्वास किती पुरतो आणि कुठे संपतो, हे मी १९९२ मध्ये, हर्षद मेहता प्रकरणात, पाहिलं. पेढीच्या बाकावर बसून पाहिलं, त्यामुळे त्याची जी रंगतदार वर्णनं नंतर झाली ती मला परक्या गावची वाटतात. आमच्यासाठी तो कागदांचा घोटाळा होता. एका बँकेने दुसरीला सरकारी रोखे विकले की त्याची खरी नोंद रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयात व्हायची, तीही हाताने लिहिलेल्या खातेवहीत. तिला वेळ लागायचा. म्हणून विकणारी बँक तोवर एक पावती द्यायची: पैसे पोचले, रोखे मागाहून. हीच ती ‘बँक रिसीट’, बाजारात बी.आर. ओळखीत चालणारी सोय. मग मध्ये दलाल उभा राहिला आणि चेक त्याच्या खात्यावरून फिरू लागले. मग बँक ऑफ कराडसारख्या छोट्या बँकांनी हाती रोखे नसतानाच पावत्या फाडल्या. कागदामागे कागद होता, आणि त्या कागदामागे काहीच नव्हतं. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने खड्डा मोजला तेव्हा तो चार हजार कोटींच्या वर भरला.

आईच्या वहीत खूण व्हायची ती नोटा मोजून झाल्यावर. उद्या देते म्हणणाऱ्या बाईच्या नावापुढे ती जागा मोकळी ठेवायची. मी तिला बी.आर. समजावून सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मग त्यांनी खूण आधी का केली?” जानकीरामन समितीला बरीच पानं लागली.

या संदर्भात एक चूक मी वारंवार ऐकतो, ती इथे खोडून टाकतो. घोटाळा झाला म्हणून शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सेबी आली, असं लोक म्हणतात. सेबी स्थापन झाली १९८८ च्या एप्रिलमध्ये, पण तिच्या हातात कायदा नव्हता. दात नसलेला राखणदार. तो कायदा वटहुकमाने आला ३० जानेवारी १९९२ ला, आणि घोटाळ्याची बातमी फुटली त्याच वर्षीच्या २३ एप्रिलला. म्हणजे दात आले होते, चावायची सवय व्हायची होती. आणि भोक होतं बँकांच्या रोखे-व्यवहारात, जे मुळात तिच्या अंगणातच नव्हतं. दोन राखणदारांच्या मधली बोळकांडी चोराला बरोबर दिसते. कायद्याच्या पुस्तकात संस्था म्हणून जी दिसते आणि संध्याकाळी साडेसहाला, घरी जायच्या घाईत, ‘नोंद झाल्याशिवाय पैसे सोडणार नाही’ म्हणणारा जो कारकून असतो, त्या दोघांची भेट झाली तर ती संस्था. नाहीतर पाटी.

पुढचं भराभर घडलं. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे पडदे आले, पुढच्या वर्षी दलाल स्ट्रीटचं रिंगणही पडद्यावर गेलं. १९९६ मध्ये डिपॉझिटरीचा, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकातल्या खात्यात ठेवणाऱ्या संस्थेचा, कायदा आला, त्यातली पहिली एनएसडीएल सुरू झाली आणि शेअर सर्टिफिकेटचं रूपांतर नोंदीत होऊ लागलं. माझं सगळं कसब कागदाचं. ट्रान्सफर डीडवरची सही जुळते का, स्टॅम्प पुरेसा आहे का, सर्टिफिकेट फाटलंय का, ‘बॅड डिलिव्हरी’ होऊन परत येईल का. सहीतला ‘र’ जरा कललेला असला तरी मला पोस्टातूनच वास यायचा. दोन-तीन वर्षांत त्या कसबाची किंमत शून्य झाली. सौदा झाल्यावर पैसे आणि शेअर हातात पडायला तेव्हा आठवडे लागायचे. आता, २०२३ पासून, दुसऱ्या दिवशी पडतात. मला दुःख करायला जागा नाही.

पण एक गोष्ट सांगतोच. त्या एनएसडीएलचं कार्यालय बरीच वर्षं लोअर परळला कमला मिल कंपाउंडमध्ये होतं. मी तिथे प्रशिक्षणाला गेलो तेव्हा घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, तिकडे आता काय बनतं? मी म्हटलं, काही बनत नाही, कोणाचं काय आहे ते लिहून ठेवतात. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमचं लिहून ठेवलं असतं कुणी, तर बरं झालं असतं.”

आता मावशीकडे येतो, कारण संस्था या शब्दाचा खरा तिढा तिथे आहे.

मावशीची सात लाखांची ठेव एका सहकारी बँकेत होती. नाव सांगत नाही. आमच्या भागातल्या प्रत्येक घराचं तिथे खातं होतं आणि दर्शनी भिंतीवर व्याजदराच्या तक्त्यापेक्षा संस्थापकांची तसबीर मोठी होती. त्यांच्यानंतर मुलगा अध्यक्ष, मग सून संचालक. आपल्या भाषेने याची सोय आधीच करून ठेवली आहे: संस्थेला ‘न’ जोडला की संस्थान होतं. गंमत अशी की जो ‘न’ सोयऱ्याधायऱ्यांना ऐकवायचा, तोच नावामागे चिकटून बसतो. नागरी सहकारी बँकांनी संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देऊ नये, अशी सरसकट बंदी रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये घातली. वाचलं तेव्हा मला मामा आणि तो चहा आठवला. अर्थात नातेवाईक नसलेल्या माणसाच्या नावावर नातेवाइकासाठी कर्ज काढायला नियम आडवा येत नाही. मावशीच्या बँकेत तसं झालं अशी चर्चा होती. खरंखोटं तपासणारे तपासतील.

एका सकाळी शटरवर कागद. बँकिंग नियमन कायद्याचं कलम ३५-अ, पैसे काढण्यावर निर्बंध. मावशी फोनवर नुसती ओरडत होती. “माझेच पैसे मला मोजून देणारे हे कोण?” मी तिला समजावत होतो की सगळे एकदम काढायला गेले तर पहिल्या रांगेतल्यांना पूर्ण मिळतील आणि मागच्यांना काही नाही, म्हणून दार अर्धं लावतात. बोलता बोलता मला गॅलरीतली ती दुपार आठवली. उचललेल्या तेरा, राहिलेल्या सात, दहा-दहा रुपये. चौथी पास बाईने पंचवीस मिनिटांत ३५-अ लावलं होतं, आणि ज्यांच्यावर लावलं त्या वीसही जणी समोर बसून बोलत होत्या. मावशीला बोलायला फक्त मी होतो आणि शटरवरचा कागद.

तरीही मावशीला जे मिळालं ते वीस जणींच्या भिशीत कधी मिळालं नसतं. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेव-विमा सुरू झाला, दर ठेवीदारामागे दीड हजार रुपयांचा. वाढत वाढत तो १९९३ मध्ये एक लाखावर आला आणि तिथेच सत्तावीस वर्षं अडकला. फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाला. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत पैसे देणं बंधनकारक झालं. मावशीने विम्याचे पैसे हवेत असं संमतीपत्र भरून दिलं आणि मुदतीच्या आत पाच लाख तिच्या दुसऱ्या खात्यात जमा झाले. पलाईच्या कुण्या ठेवीदाराचं नुकसान साठ वर्षांनी परळच्या बाईच्या कामी आलं, तेही दोघांची ओळखदेख नसताना. चेहऱ्यावरचा विश्वास एवढा लांब चालत नाही. उरलेले दोन लाख अवसायकाकडे, म्हणजे बुडालेल्या बँकेची आवराआवर करणाऱ्याकडे, आहेत. अवसायक हा शब्द मावशीला अजून ‘आवसायक’ असा ऐकू येतो, आणि ती म्हणते की बरोबरच आहे, अमावास्येलाच उगवतो.

मावशीची ती निदान बँक तरी होती. शेजारच्या गल्लीत तसलीच काचेची दारं, तसलाच तक्ता असलेली पतसंस्था होती. तिच्यावर सहकार खात्याची देखरेख असते, रिझर्व्ह बँकेची नाही, आणि हा ठेव-विमाही तिला लागू नाही. पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच उठून दिसतो. पुढे बँक लिहिलंय की पतसंस्था, हे वाचून आत शिरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मीही, खरं सांगायचं तर, गावच्या मंडळाच्या पतपेढीत दहा हजार ठेवून आहे. अध्यक्ष ओळखीचे आहेत.

खुर्ची सोडता येणं हीदेखील संस्थेची एक खूण असावी. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मराठी घरांत ते आठवतात ते मात्र १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून अर्थमंत्रिपद सोडलं म्हणून. मावशीच्या बँकेची ती तसबीर निर्बंधांनंतरही भिंतीवर होती, हे मी स्वतः काचेतून पाहिलं.

गेल्या महिन्यात वही घेऊन बदलापूरला गेलो. वहीतल्या ‘समोरच्या’ काकी तिथे मुलाकडे असतात. ऐंशी ओलांडली आहे. वही डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी पानं उलटली, दोन-तीन नावांवर बोट ठेवून “गेली, गेली” म्हणाल्या, आणि शेवटच्या पानाशी थांबल्या.

“हे सहाशे तीस म्हणजे मी.”

सातवी चिठ्ठी त्यांची. नळाजवळच्या बाई संपात गावी गेल्या, दोन हप्ते तेवढे राहिले. आईने स्वतःचे वीस घालून साडेसहाशे पुरे करून आणले होते. काकींनी ते वीस परत केले. “तुझ्या आईकडे माझं येणं नव्हतं. मी कशाला घेऊ? म्हटलं, तिचे आले की सही करीन.” मग आईने गोल काढला.

मी पाकिटातून वीसची नोट काढून पुढे केली.

“कुणाच्या नावावर?” काकींनी विचारलं.

मी आईचं नाव घेणार होतो, त्यांनी हातानेच थांबवलं. नातीला हाक मारली. नळाजवळच्या बाईंची मुलगी अंबरनाथला असते, नंबर आहे. फोन लावला. पलीकडे आधी काही कळेना, मग ती बाई खूप हसली, मग एकदम गप्प झाली. म्हणाली, आई गेली तेव्हा काहीतरी भिशीचं पुटपुटत होती. दोन मिनिटांनी माझ्या मोबाइलवर टिंग वाजलं. जिला मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही तिच्याकडून वीस रुपये जमा.

“आले?”

“आले.”

“मग आता दे.”

मी नोट दिली. काकींनी ती उलटसुलट करून पाहिली, कमरेला खोचली आणि पेन मागितलं. सही करताना हात थरथरत होता, पण अक्षर लागलं. तारखेशी त्या थांबल्या. वर पानावर आईच्या अक्षरात दिवाळी १९८५ होतं. मी म्हटलं, तेव्हाचीच घाला, पान पुरं होईल.

“छट्,” काकी म्हणाल्या. “मागची तारीख घालायची नाही. आज काय आहे?”